बादली आमची, चाचणी त्यांची: प्रतिस्पर्ध्याच्या खोट्या जाहिरातीविरुद्धचा एक दावा

हे प्रकरण मी सल्लागार वकील म्हणून जवळून हाताळलं. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, काही बदललेही आहेत. घटनाक्रम आणि आमच्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

गच्चीवर लावायचं वॉटरप्रूफिंग कोटिंग बनवणारी ही दोन भावांची कंपनी. वीसेक वर्षांचा धंदा, माल निळ्या बादलीत, वर पिवळं झाकण. पेंटर दुकानात जाऊन ब्रँडचं नाव क्वचित घेतो, "निळी बादली द्या" म्हणतो. ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं होतं. बादलीचा रंग आणि झाकण मिळून जी ओळख तयार झाली होती, ती नोंदवण्याचा अर्ज मात्र कधी कोणाला सुचलाच नव्हता.

या धंद्याचं वर्ष म्हणजे मार्च ते मे. गच्ची कोरडी हवी, ऊन हवं, दोन हातांमध्ये वाळायला वेळ हवा. पाऊस एकदा लागला की डीलरकडे ताडपत्री खपते, कोटिंग नाही. त्यामुळे मार्चमध्ये बसलेला फटका सप्टेंबरमध्ये भरून काढता येत नाही. पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी हे कॅलेंडर आमच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

समोरची कंपनी आकाराने बरीच मोठी, पण या मालात नवी.

काय घडलं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्या कंपनीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मोबाईलवर आणि स्थानिक केबलवर फिरू लागला. घरात छत गळतंय, खाली घमेलं ठेवलंय, घरमालक वैतागलाय. पेंटर एक निळी बादली पुढे ओढतो. झाकण पिवळं, लेबल धूसर केलेलं. गच्चीवरचं जुनं कोटिंग तो नखाने उचलतो आणि दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा निघतो. मग पांढरी बादली येते, आवाज म्हणतो: जुनं सोडा, तिप्पट टिकाऊ लावा, प्रयोगशाळेत सिद्ध. तळाशी दोन सेकंद इंग्रजीत एक बारीक ओळ चमकून जाते. ती वाचायला व्हिडिओ थांबवून फोन डोळ्यांजवळ न्यावा लागला. एका विशिष्ट नमुन्यावर, विशिष्ट परिस्थितीत केलेली चाचणी, असा तिचा आशय.

त्याच सुमारास डीलर आणि पेंटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र आलं. दोन रकाने. एकात समोरच्या कंपनीचं नाव, हिरव्या खुणा. दुसऱ्यात आमच्या अशिलाचं नाव, अगदी स्पष्ट अक्षरांत, लाल फुल्या आणि "सहा महिन्यांत सोलतं". खाली प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक.

भावांनी आधी डीलरांना फोन करून समजूत घालायचा प्रयत्न केला. दोन मोठ्या डीलरांनी ऑर्डर अर्ध्यावर आणल्या. एकाने न उघडलेल्या चाळीस बादल्या परत पाठवल्या, सोबत तोच व्हिडिओ. माझ्याकडे ते आले तेव्हा मार्च संपत आला होता, म्हणजे जवळजवळ वीस दिवस गेले होते.

थोरल्या भावाचं पहिलं वाक्य होतं, "वकीलसाहेब, फौजदारी टाकू. पोलिस दारात गेले की बंद होईल." धाकट्याचा विचार वेगळाच होता, "त्यापेक्षा आपणच व्हिडिओ काढू आणि त्यांच्या कोटिंगचे पापुद्रे दाखवू."

दुसरा विचार मी तिथेच थांबवला. न्यायालयात जायचं असेल तर आपल्या हाताला तोच चिखल लागलेला नको.

कोणते मार्ग होते

आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याच्या खोट्या जाहिरातीने नुकसान झालेल्या व्यावसायिकासाठी म्हणून एकच असा कायदा नाही. पूर्वी १९६९चा एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथांविषयीचा कायदा होता. त्याखालच्या आयोगाकडे अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार नेता येई. तो कायदा १ सप्टेंबर २००९ रोजी रद्द झाला. त्याच्या जागी आलेल्या २००२च्या स्पर्धा कायद्यात मक्तेदारी आणि संगनमत आहे, खोट्या जाहिरातीचं प्रकरण नाही. ते ग्राहक कायद्याकडे गेलं आणि व्यापारी मध्येच लोंबकळत राहिला. त्यामुळे चार-पाच तुकडे जोडून वाट काढावी लागते.

पहिला तुकडा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. कलम २(४७) मधल्या अनुचित व्यापारी प्रथेत दुसऱ्याच्या मालाची खोटी किंवा दिशाभूल करणारी बदनामीही येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरात बंद करायला लावू शकतं, कलम २१ खाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. शिवाय २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाची ओळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवी. मराठी दाव्याखाली इंग्रजी मुंगीअक्षरं म्हणजे उघड उल्लंघन होतं. पण दंड जातो सरकारजमा. आमच्या अशिलाला त्यातून एक रुपया मिळणार नव्हता. चौकशी आमच्या हंगामाच्या वेगाने चालेल याचीही खात्री नव्हती.

दुसरा, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ॲस्की. १९८५ साली जाहिरात व्यवसायाने स्वतःच उभी केलेली स्वयंनियमन संस्था. तिच्या संहितेत तुलनेबद्दल एक फार नेमकी अट आहे: स्वतःला कृत्रिम फायदा मिळेल अशा रीतीने तुलनेचा विषय निवडता कामा नये. आमच्या प्रकरणाचा गाभा शेवटी हाच निघाला. केबल टीव्हीच्या नियमांत ही संहिता आणल्यामुळे टीव्हीवरच्या जाहिरातींना तिचं कायदेशीर वजनही आहे. पण ॲस्की मनाई हुकूम देत नाही, भरपाई देत नाही आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रामागे धावत नाही.

तिसरा, फौजदारी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार. थोरल्या भावाला हीच हवी होती. ही तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढे वर्षानुवर्षं चालते आणि तोवर व्हिडिओ चालूच राहतो. "पोलिस दारात" हे चित्र त्यात बसत नाही, हे पटवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

चौथा, दिवाणी दावा. यात दोन कारणं एकत्र येत होती. एक, मालाची बदनामी. हा संहितेत लिहिलेला कायदा नाही, निकालांमधून घडलेला आहे. दुसरं, ट्रेडमार्क कायदा, १९९९चं कलम २९(८): दुसऱ्याचा नोंदणीकृत ट्रेडमार्क जाहिरातीत वापरून त्याचा गैरफायदा घेणं किंवा त्याच्या लौकिकाला धक्का लावणं म्हणजे उल्लंघन. कलम ३०(१) प्रामाणिक व्यवहाराच्या चौकटीतल्या वापराला मुभा देतं, त्यामुळे खऱ्या तुलनेला कायद्याची ना नाही.

फुशारकी कुठे संपते

इथे जरा थांबतो, कारण अशिलाला हेच समजावणं सगळ्यात कठीण गेलं. "आमचा माल जगात भारी" असं कोणीही म्हणू शकतो. कोलकाता उच्च न्यायालयाने १९९९मध्ये कपड्यांच्या निळीच्या वादात, रेकिट अँड कोलमन विरुद्ध रामचंद्रन या प्रकरणात, हे सूत्र मांडलं: आपला माल इतरांपेक्षा चांगला आहे असं सांगायला हरकत नाही, पण ते सांगताना दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणता येणार नाही. त्या जाहिरातीतही नाव घेतलेलं नव्हतं, बाटलीच्या आकारावरून ओळख पटत होती. आमच्या धूसर लेबलाच्या बादलीला याहून जवळचा दाखला मिळणं अवघड.

पण सूत्र दोन्ही बाजूंनी कापतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१०मध्ये डास पळवणाऱ्या क्रीमच्या वादात, डाबर विरुद्ध कलरटेकमध्ये, डाबरला मनाई हुकूम नाकारला होता. जाहिरातदाराला मोकळीक आहे, मात्र फुशारकीच्या पलीकडे जाऊन तो ठोस विधान करत असेल तर त्याला काहीतरी वस्तुनिष्ठ आधार हवा, असं त्या निकालाचं म्हणणं. म्हणजे "तिप्पट टिकाऊ" ही फुशारकी की मोजता येणारं विधान, यावर बरंच अवलंबून होतं. "प्रयोगशाळेत सिद्ध" हे शब्द जोडून समोरच्या कंपनीने स्वतःच त्याचं उत्तर दिलं होतं.

मुंबई उच्च न्यायालयाचा अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांच्यातला निकाल आमच्या उपयोगाचा होता. तिथे जाहिरातीने एका ब्रँडचं नाव न घेता 'फ्रोझन डेझर्ट' या सबंध प्रकाराला नावं ठेवली होती. एकलपीठाने २०१७मध्ये ती जाहिरात रोखली आणि २०१८मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. "आम्ही कुणाचं नाव घेतलं नाही" हा बचाव नेहमी चालत नाही, एवढं त्यातून मिळालं.

पहिला निर्णय: नोटीस की थेट दावा

मी नोटीस पाठवली. आज मागे वळून पाहिलं तर सगळ्यात महाग पडलेला निर्णय हाच.

तेव्हाचं माझं गणित असं: मोठी कंपनी आहे, त्यांचा कायदेविभाग नीट असेल, सात दिवसांत व्हिडिओ उतरवतील, खर्च वाचेल. नोटीस गेली. पाचव्या दिवशी गुळगुळीत उत्तर आलं, सर्व आरोप अमान्य. सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालच्या कॅव्हिएटची प्रत. कॅव्हिएट म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, ही आगाऊ सूचना. ती नव्वद दिवस टिकते. एप्रिलमध्ये नव्वद दिवस मोजले की जुलै उजाडतो. एकतर्फी तातडीचा हुकूम मिळण्याची जी काही शक्यता होती ती संपली.

नोटिशीत आणखी एक धोका होता. ट्रेडमार्क उल्लंघनाची निराधार धमकी दिली म्हणून कलम १४२ खाली उलटा दावा येऊ शकतो. ते झालं नाही, पण व्हिडिओत आमचं नोंदलेलं नाव दिसतच नसताना मी नोटिशीत सगळंच ट्रेडमार्क उल्लंघन म्हणून झोडपलं होतं. ती भाषा सैल होती. व्हिडिओसाठी मालाची बदनामी आणि चित्रासाठी कलम २९(८), अशी वाटणी पहिल्या दिवसापासून करायला हवी होती.

दुसरा निर्णय: पुरावा कोणाकडून

व्हिडिओ मिळणं सोपं होतं. व्हॉट्सॲपचं चित्र कंपनीचंच आहे हे दाखवणं कठीण. उत्तरात त्यांनी म्हटलं होतं की असं काही आम्ही काढलेलं नाही, एखाद्या उत्साही डीलरने केलं असेल.

ते चित्र आमच्या एका डीलरला कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने स्वतःच्या फोनवरून पाठवलं होतं. डीलरने ते आम्हाला दाखवलंही, चहा पाजला, आणि प्रतिज्ञापत्राचं नाव काढताच हात जोडले. तो दोन्ही कंपन्यांचा माल विकतो. त्याची अडचण खरी होती, रागावून उपयोग नव्हता. शेवटी दोन पेंटर तयार झाले. त्यांना त्याच अधिकाऱ्याने एका मेळाव्यात ते चित्र वाटलं होतं, आणि त्यांच्या फोनमध्ये मूळ संदेश शाबूत होता.

इथे एक तांत्रिक बाब जपावी लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: एक ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, नोंदवायचं असतं. भावांनी सुरुवातीला स्क्रीनशॉट काढून, त्यावर लाल गोल मारून, एकमेकांना पुढे पाठवले होते. ते सगळे बाजूला ठेवून मूळ फोनांवरून पुन्हा सुरुवात केली. व्हिडिओची जाहिरात कोणकोणत्या तारखांना दिसली त्याच्या नोंदीही तेव्हापासून ठेवल्या. मार्चच्या नोंदी हातच्या गेल्या होत्या.

तिसरा निर्णय: कुठे, आणि मध्यस्थीचं काय

कलम २९(८) असल्यामुळे दावा जिल्हा न्यायाधीश स्तरावरच्या व्यावसायिक न्यायालयात गेला. व्यावसायिक न्यायालये कायद्याच्या कलम १२अ नुसार दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये हे निःसंदिग्ध केलं. मध्यस्थीला तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. तोवर गच्चीवर शेवाळं आलेलं असतं. तातडीचा अंतरिम दिलासा मागितला असेल तर ही पायरी वगळता येते, पण २०२३च्या यामिनी मनोहर निकालानंतर ती तातडी नुसती प्रार्थनेत, म्हणजे दाव्यातल्या मागण्यांत, लिहून भागत नाही. दावा वाचून ती खरी वाटली पाहिजे.

मग वीस दिवस डीलरांची समजूत घालण्यात आणि बारा दिवस नोटिशीत घालवणाऱ्याची तातडी किती खरी? समोरच्या वकिलांचा पहिला मुद्दा हाच होता. आम्ही हंगामाचं कोष्टक जोडलं: मागच्या तीन वर्षांत वर्षाच्या विक्रीपैकी किती माल या तीन महिन्यांत गेला. न्यायाधीशांनी तेवढं एक पान दोनदा पाहिलं. दावा दाखल झाला.

ग्राहक प्राधिकरण आणि ॲस्की, दोन्हीकडे तेव्हा जायचं नाही असं ठरवलं. दोन दारं एकदम ठोठावली की समोरचा या दारात त्या दाराचं कारण सांगतो. या निर्णयाबद्दल मी अजूनही पूर्ण ठाम नाही. त्याचं कारण पुढे येईल.

न्यायालयात

पहिल्या तारखेला, अपेक्षेप्रमाणे, त्यांना उत्तरासाठी मुदत मिळाली. पेंटरांची प्रतिज्ञापत्रं पाहून त्यांच्या वकिलांनी एवढं निवेदन मात्र केलं की व्हॉट्सॲपवरचं चित्र कंपनी वाटणार नाही. "आम्ही काढलं नाही" वरून "आम्ही वाटणार नाही" वर गाडी आली. व्हिडिओचं त्यांनी जोरात समर्थन केलं.

मग त्यांचं उत्तर आलं, सोबत प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल. तोवर आम्ही फक्त त्याचा क्रमांक पाहिला होता. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त होती, चाचण्या व्यवस्थित होत्या, आकडे त्यांच्याच बाजूचे. अशिलाच्या कंपनीत त्या दिवशी सुतकी वातावरण होतं.

नवव्या पानावर नमुन्यांचा फोटो होता. धाकटा भाऊ तो मोबाईलवर मोठा करून बघत होता आणि एकदम म्हणाला, "ही पट्टी हिरवी आहे."

आमच्या अशिलाची बादली तेव्हा दोन प्रकारच्या मालासाठी एकच वापरली जात होती. गच्चीच्या कोटिंगला लेबलावर लाल पट्टी. आतल्या भिंतींची ओल रोखणाऱ्या प्रायमरला हिरवी. उन्हापावसात टिकण्याच्या चाचणीला घरातल्या भिंतीचा प्रायमर बसवला होता. तो सोलणारच. लेबलावर तसं छापलेलंही आहे: बाहेरील वापरासाठी नाही. फोटो आणखी मोठा केला तेव्हा पट्टीच्या खालचा बॅच क्रमांक दिसला. त्यातल्या पहिल्या चार अंकांत महिना आणि वर्ष असतं. त्या हिशोबाने चाचणीच्या दिवशी ती बादली मुदत संपून पाच महिने झाली होती.

प्रयोगशाळेचा यात दोष नव्हता. तिने दिलेला नमुना तपासला. नमुना कोणी निवडला आणि का, एवढाच प्रश्न होता. त्यांचं म्हणणं होतं, बाजारात सहज मिळाली ती बादली आणली. तसं असेलही. दुष्ट हेतू सिद्ध करणं अंतिम सुनावणीचं काम, आणि अंतरिम टप्प्यावर आम्हाला त्याची गरजही नव्हती. दावा प्रथमदर्शनी खोटा, नुकसान पैशात न मोजता येणारं आणि सोयी-गैरसोयीचा तोल आमच्याकडे, एवढं पुरेसं होतं.

पण त्याच उत्तरात आमच्यावरही एक बाण होता. आमच्या अशिलाच्या जुन्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: "दहा वर्षं गळती नाही, हमखास." त्याला आधार काय? काहीच नाही. कोणत्या तरी प्रदर्शनासाठी छापलेलं, मग चालूच राहिलेलं. स्वच्छ हातांनी न्यायालयात या, हे तत्त्व त्यांनी बरोबर पकडलं. पहिल्या भेटीत मी अशिलाच्या स्वतःच्या जाहिराती मागवून पाहिल्याच नव्हत्या. आम्ही पत्रक त्याच आठवड्यात मागे घेतलं आणि तसं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. उशिरा केलेली कबुली होती, पण लपवाछपवीपेक्षा बरी.

मेच्या मध्याला हुकूम आला. व्हिडिओ आहे त्या रूपात दाखवायचा नाही, निळी बादली आणि पिवळं झाकण दाखवून आमचा माल निकृष्ट असल्याचं सूचित करायचं नाही, चित्र कोणत्याही मार्गाने पसरवायचं नाही. मात्र समान दर्जाच्या मालाशी खरी तुलना करायला आणि स्वतःचा माल उत्तम म्हणायला त्यांना मोकळीक. आमच्या पत्रकाबद्दल हुकुमात दोन ओळींची नापसंती होती. ती योग्यच होती.

चार दिवसांत नवा व्हिडिओ आला. बादली राखाडी. झाकण राखाडी. पापुद्रा तसाच, "तिप्पट टिकाऊ" तसंच, फक्त खुलाशाची ओळ आता मराठीत. थोरला भाऊ म्हणाला, "हा अवमान नाही का?" काटेकोरपणे पाहिलं तर नव्हता. आमची प्रार्थनाच बादलीभोवती फिरत होती. "तिप्पट" हा दावा त्या अहवालाच्या आधारे कोणत्याही जाहिरातीत करू नये, असं आम्ही मागितलंच नव्हतं. ॲस्कीकडे गेलो असतो तर दावा स्वतंत्रपणे तपासला गेला असता, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला, नेहमीपेक्षा लवकर.

फलित

भरपाईचा प्रश्न नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. विक्री घटली होती हे खातेवहीवरून दिसत होतं. पण ती व्हिडिओमुळे किती, लवकर आलेल्या पावसामुळे किती, आणि समोरच्या कंपनीच्या डीलर स्कीममुळे किती? परत आलेल्या चाळीस बादल्यांचं पत्र आमच्याकडे होतं, त्यात व्हिडिओचा उल्लेख होता. तेवढं नुकसान नाव-गावासह दाखवता येत होतं. बाकीचं अंदाजावर. भरपाई लढवायची म्हणजे साक्षी-पुरावे, उलटतपासणी, त्यात डीलरांना ओढणं, आणि दोन-चार वर्षं.

न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात तीन बैठका झाल्या. तडजोडीच्या अटी अशा: तो अहवाल यापुढे कोणत्याही जाहिरातीत वापरायचा नाही. आमच्या मालाशी तुलना करायची झाली तर त्याच वापराच्या, मुदतीतल्या मालाशी, आणि चाचणीचा आधार मागितल्यावर द्यायचा. ज्या ग्रुपवर चित्र गेलं होतं तिथे विक्री अधिकाऱ्यांमार्फत मराठीत दुरुस्तीचा संदेश पाठवायचा. खर्चापोटी ठरलेली रक्कम. भरपाईची मागणी आम्ही सोडली. दाव्याचा हुकूमनामा त्यानुसार झाला.

खर्चाच्या रकमेतून माझी फी आणि तज्ज्ञाचं बिल निघालं. हंगाम निघाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नोटिशीबद्दल लिहिलंच आहे. समोरचा मोठा आणि हंगाम छोटा असेल तर मी आता आधी दावा तयार करतो. नोटीस पाठवायचीच असेल तर दाव्याची फाइल टेबलावर बांधून ठेवल्यावर, आणि मुदत अठ्ठेचाळीस तासांची.

दुसरं म्हणजे अहवाल. त्याची पूर्ण प्रत आम्ही नोटिशीतच मागायला हवी होती. त्यांनी नाकारली असती तर आधार लपवला जातोय हे पहिल्याच तारखेला सांगता आलं असतं. दिली असती तर हिरवी पट्टी एप्रिलच्या सुरुवातीलाच सापडली असती. आम्ही "खोटं आहे, बंद करा" म्हणत राहिलो आणि "कशाच्या आधारावर" हा साधा प्रश्न राहून गेला.

प्रार्थनेचा मसुदा करताना मी आता समोरच्याच्या जाहिरात एजन्सीच्या जागी बसून बघतो: हा हुकूम आला तर मी चार दिवसांत काय बदलून पुन्हा चालवीन? राखाडी बादली तिथेच दिसली असती.

आणि बादलीचं ट्रेडमार्क. रंगसंगती आणि झाकण यांचा अर्ज आता केलेला आहे. तो आधी नोंदला गेला असता तर व्हिडिओही कलम २९(८) खाली आला असता आणि "ही बादली तुमचीच कशावरून" या वादात गेलेले दोन तास वाचले असते. एकाच बादलीत दोन दर्जांचा माल भरणंही बंद झालं. प्रायमरला आता हिरवी बादली आहे. हा बदल माझ्या सांगण्याने नाही, धाकट्या भावाने केला.

तडजोडपत्रात एक फट राहिली. दुरुस्तीचा संदेश एकदा पाठवायचा, एवढंच त्यात आहे. पुढच्या मार्चमध्ये ते दोन रकान्यांचं चित्र एका नव्या ग्रुपवर पुन्हा उगवलं, कोणी पाठवलं ते कळलं नाही. थोरल्या भावाने ते मला रात्री अकरा वाजता पुढे पाठवलं, खाली फक्त प्रश्नचिन्ह. या वेळी त्यांनी त्यावर लाल गोल मारला नव्हता. मूळ संदेश ज्या फोनवर आला, तो फोन कोणाचा आणि आला कधी, एवढं खाली लिहिलं होतं.